वायनरीची निवांत ट्रिप आणि कमरेचा बेल्ट: दोन्ही नीट कसं जमवायचं

फॉल म्हटलं की मला अजूनही आधी साडीचा फॉलच आठवतो. इन्स्टावर मात्र सप्टेंबर संपला की फॉल (म्हणजे पानगळीच्या ऋतूची) फॅशन सुरू होते, लाल-पिवळी पानं, गुडघ्यापर्यंतचे बूट, लांब कोट आणि त्यावर आवळून बांधलेला रुंद बेल्ट. आपल्याकडे तेव्हा ऑक्टोबर हीट चालू असते, त्यामुळे कोट विसरा. पण दिवाळीला पहाटे जरा गारवा येतो आणि तिथून संक्रांतीपर्यंत नाशिकला जायला फार छान दिवस असतात, आपला फॉल तो हाच. आम्ही या दिवसांत एकदा तरी वायनरीला, म्हणजे वाईन बनवतात तिथे, जातोच, आणि गेल्या खेपेला माझ्या नव्याकोऱ्या बेल्टने माझी जी फजिती केली त्यानंतर ठरवलं की हे सगळं एकदा लिहूनच काढावं.

झालं काय तर मी पांढरा लिननचा ड्रेस घातलेला, त्यावर मरून रंगाचा लेदर बेल्ट, दुकानात आरशात भारी दिसत होता. दुपारी ऊन, थोडा घाम, आणि दोन तासांत बेल्टचा रंग ड्रेसला लागून कमरेभोवती गुलाबी-जांभळा पट्टा. नणंद म्हणाली, "वहिनी, आत्ताच सांडलीस पण?" आणि मी तोवर एक घोटही घेतलेला नव्हता!

पायरी १: तारीख ठरवा, आणि द्राक्षं कधी दिसतात ते आधी माहीत करून घ्या

खूप जण ऑक्टोबरमध्ये जातात आणि घड कुठे आहेत म्हणून हिरमुसतात. नाशिककडे बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. म्हणजे दसऱ्याच्या सुमाराला गेलात तर नुसत्या बोडक्या काड्या नाहीतर नुकती फुटलेली कोवळी पानं. डिसेंबरात हिरवे टणक मणी दिसतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. फोटोत घड हवेच असतील तर जानेवारीच्या शेवटी जा. मला स्वतःला नोव्हेंबर आवडतो, गर्दी कमी आणि बाग हिरवीगार.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. फळछाटणीनंतर काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात, शेतकरी त्याला पेस्ट लावणं म्हणतात. हे औषध अंगात गेलं आणि वरून दारू प्यायली तर त्रास होतो, चेहरा लाल होतो, धडधडतं, म्हणून ते काम करणाऱ्यांनाही दारू पिऊ नका असं बजावलेलं असतं. तेव्हा त्या दिवसांत फोटोसाठी काड्या धरून उभं राहू नका, मुलांना तर अजिबात हात लावू देऊ नका.

पायरी २: एका दिवसात दोन वायनऱ्या, तीन नाही

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा जवळजवळ आहेत, नाशिक शहरातून अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. इगतपुरीकडे कावनईला व्हॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झॅम्पा, मुंबईहून येणाऱ्यांना त्या वाटेवरच पडतात. मुंबई-नाशिक साधारण १७० किमी, पुण्याहून २१० च्या आसपास. सुलाने २००५ साली टेस्टिंग रूम, म्हणजे वाईन चाखायची जागा, सुरू केली आणि तिथून वायनरीला फिरायला जाणं ही गोष्ट आपल्याकडे रुळली. (पुणेकर लगेच आठवण करून देतात की नारायणगावला शामराव चौगुलेंनी १९८० च्या दशकातच स्पार्कलिंग वाईन बनवली होती, आणि ते बरोबर आहे.) शनिवार-रविवारी सुलाला जत्रा असते, निवांतपणा हवा असेल तर छोट्या जागा निवडा किंवा मधल्या वारी जा. टूर आणि टेस्टिंगच्या वेळा फोन करून विचारा, ड्राय डे आहे का तेही बघा, २ ऑक्टोबरला जोडून सुट्टी आली म्हणून धावत गेलेले लोक माझ्या ओळखीत आहेत. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ लागतं, ओळखपत्र जवळ ठेवा.

आणि गाडी कोण चालवणार हे निघतानाच ठरवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, ती वाटते त्यापेक्षा लवकर गाठली जाते, आणि पहिल्यांदा सापडलं तरी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ड्रायव्हर करा नाहीतर तिथेच मुक्काम करा.

पायरी ३: बेल्ट. इथे जरा वेळ द्या

वायनरीच्या दिवसात तुम्ही तीन तास गाडीत बसता, मग बागेत चालता, मग खाता, मग परत बसता. म्हणजे कंबर दिवसभर लहान-मोठी होत असते, आणि बेल्ट फक्त आरशासमोर उभं राहून निवडला तर जेवणानंतर तो नक्की छळणार. म्हणून दुकानात बेल्ट लावून एकदा खुर्चीत बसून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.

साईज: पॅन्टची कंबर ३४ असेल तर बेल्ट ३६ घ्या, दोन इंच जास्त. बक्कलची काडी जिथे जोडलेली असते तिथून मधल्या भोकापर्यंतचं अंतर ही बेल्टची खरी साईज, टोकापासून टोकापर्यंतची नाही. साधारण पाच भोकं असतात आणि बेल्ट मधल्या भोकात बसला पाहिजे, म्हणजे सकाळी तिसरं भोक, जेवल्यावर चौथं, आणि कुणाला कळतही नाही. माझा नवरा वर्षानुवर्षं शेवटच्या भोकात बेल्ट लावून "फिट बसतो" म्हणायचा.

रुंदी: जीन्स किंवा चिनोजवर ३८ ते ४० मिमी, फॉर्मल पॅन्टवर ३० ते ३५. ऑफिसचा चकचकीत काळा बेल्ट जीन्सवर लावून वायनरीला जाऊ नका, प्लीज, मीटिंगमधून पळून आल्यासारखं दिसतं. या दिवसांत टॅन, विटकरी, गडद तपकिरी, मरून हे रंग उठून दिसतात. बूट-चपलेशी रंग तंतोतंत जुळायलाच हवा असं नाही, त्याच घराण्यातला असला की झालं. विणलेला बेल्टही या ट्रिपला मस्त, त्याला भोकं नसतात, काडी विणीत कुठेही घालता येते, त्यामुळे जेवणाची चिंता मिटली.

बायकांसाठी माझं मत असं की ढगळ ड्रेस किंवा लांब कुर्त्यावर दोन-अडीच इंचांचा मऊ बेल्ट छान दिसतो, पण तो कमरेच्या हाडावर न टेकता थोडा वर, कंबर जिथे सगळ्यात बारीक असते तिथे यावा. उंची कमी असेल तर बारीक बेल्ट घ्या, रुंद पट्टा माणसाचे दोन तुकडे करतो. साडीवर बेल्ट लावायची सध्या फॅशन आहे, कॉटन किंवा लिनन साडीवर लावा, पदर जागेवर राहतो हा खरा फायदा. पैठणीवर लावायचाच असेल तर आजीचा कमरपट्टा काढा, लेदर नको.

आता माल. लेबलवर "जेन्युइन लेदर" लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका, त्या दोन शब्दांत कातडं कोणत्या प्रतीचं आहे ते काहीच कळत नाही. फुल ग्रेन म्हणजे कातड्याचा सगळ्यात वरचा, न घासलेला थर, तो टिकतो. बॉन्डेड म्हणजे कातड्याचा भुगा चिकटवून वर प्लास्टिकचा लेप, वर्ष-दीड वर्षात त्याचे पापुद्रे निघतात. ओळखायचं कसं? कड बघा. चांगल्या बेल्टची कड एकसंध, घासून गुळगुळीत केलेली असते, स्वस्तातल्याची रंग थापलेली असते आणि नखाने खरवडली की आत पुठ्ठ्यासारखे थर दिसतात. मग बेल्ट उलटा वाकवा, खऱ्या कातड्यावर बारीक सुरकुत्या येतात आणि जातात, रेक्झिनवर चीर राहते. शेवटी नाकाला लावा. प्लास्टिकचा वास आला तर ठेवून द्या.

आणि माझ्या ड्रेसचं झालं ते टाळायला एक सोपी गोष्ट, पांढरा रुमाल जरासा ओला करून बेल्टच्या आतल्या बाजूने जोरात घासा. रुमालाला रंग लागला तर तो बेल्ट फिक्या कपड्यांवर नाही. मी हे केलं असतं तर एक ड्रेस वाचला असता.

धारावीच्या लेदरच्या दुकानांत बेल्ट तुमच्या मापाने कापूनही देतात, बक्कल वेगळं निवडता येतं, पितळी किंवा स्टीलचं घ्या, हातात जड लागलं पाहिजे. कोल्हापूरला गेलात तर चप्पल लाईनमध्ये चपलांबरोबर बेल्टही बघा. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात, केमिकलने म्हणजे क्रोमने कमावलेलं कातडं दिवसभरात तयार होतं, याला काही आठवडे लागतात. असं कातडं वापरून वापरून गडद होत जातं, माझ्या सासऱ्यांचा एक आहे, मधल्या भोकाजवळ चिंचेच्या रंगाचा झालाय. हिरड्याचं मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायरी ४: सकाळी काय करायचं, काय नाही

उपाशी जाऊ नका, पण नाशिकची झणझणीत मिसळ खाऊन लगेच टेस्टिंगला बसू नका, जीभ बधिर झालेली असते, समोर काय ओतलं ते कळत नाही. दोन तासांचा तरी गॅप ठेवा. परफ्यूम, डिओ नको. आणि त्याच दिवशी सकाळी बेल्टला, बुटांना पॉलिश करू नका, पॉलिशचा वास ग्लासपर्यंत येतो आणि बाजूचे लोक उगाच वाईनमध्ये पेट्रोलचा वास शोधत बसतात. टाक्यांच्या भागात फरशी ओली असते, हिल्स घरी ठेवा. पिंपांची खोली गार असते, स्टोल घ्या.

पायरी ५: टूर आणि टेस्टिंग

टूरमध्ये गाईड घाईत असतो, तुम्ही असू नका. एवढं बघाच: वाईनची द्राक्षं खायच्या द्राक्षांपेक्षा बारीक, जाड सालीची आणि बियांची असतात, आणि बहुतेक ठिकाणी त्यांना मांडव नसतो, कुंपणासारख्या सरळ ओळी असतात. व्हाईट वाईनला रस काढून साल बाजूला करतात, रेडला रस सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. ओकच्या लाकडाच्या पिंपात साधारण २२५ लिटर वाईन मावते, म्हणजे ३०० बाटल्या. जाता जाता, दाबून उरलेल्या साली-बियांच्या चोथ्यापासून इटलीतली व्हेजिया नावाची कंपनी लेदरसारखं कापड बनवते, म्हणजे उद्या द्राक्षाचा बेल्टही मिळेल.

टेस्टिंगला पाच-सहा वाईन येतात, प्रत्येकी साधारण ३० मिली. आधी व्हाईट, मग रोझे (गुलाबी), मग रेड, शेवटी गोड. ग्लास दांड्याला धरा, हाताने वाईन तापते. आधी तसाच वास घ्या, मग ग्लास टेबलावर ठेवूनच गोल फिरवा (हवेत फिरवाल तर बेल्टवर येईल), परत वास घ्या. मग छोटा घोट, तोंडभर फिरवायचा. समोरचा म्हणेल पॅशनफ्रूट, तुम्हाला पेरू वाटला तर पेरू म्हणा, सोव्हिन्यॉं ब्लां या व्हाईट वाईनमध्ये मला कायम कच्चा पेरू आणि ढोबळी मिरचीच लागते. थुंकायला भांडं असतं, वापरायला लाजू नका.

रेडला आलात की, शिराझ किंवा कॅबर्नेचा घोट घेतल्यावर दातांच्या हिरड्या आणि जीभ कोरडी पडते, ओठ आतून खरखरीत होतात, त्याकडे लक्ष द्या. ते टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून, बियांतून येतं, ओकच्या पिंपातूनही थोडं येतं, आणि लाळेतल्या प्रथिनांना पकडून बसतं म्हणून तोंड तुरट होतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात हेच टॅनिन असतं, ते कातड्यातल्या प्रथिनांना असंच पकडतं म्हणून कातडं कुजत नाही, त्याचा बेल्ट होतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ग्लास खाली ठेवून कमरेला हात लावून बघितला होता. तुमच्या घरी हिरडा असेल तर आदल्या दिवशी एक तुकडा चघळून बघा, रेड वाईनमधला तुरटपणा मग लगेच ओळखू येतो, कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि तुरटपणा नकोच असेल तर सरळ शेनिन ब्लां ही व्हाईट वाईन मागा, किंचित गोडसर असते, नंतरच्या तिखट जेवणाबरोबरही जमते.

बाटली घेताना महाग ती चांगली असं धरून चालू नका, त्या दिवशी तुम्हाला जी परत प्यावीशी वाटली ती घ्या.

पायरी ६: घरी आल्यावर

बाटल्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवून पुढे त्र्यंबकेश्वर करू नका, वाईन शिजते. बुचाची बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. बेल्टचं उलटं, गुंडाळी करून ठेवला की चिरा पडतात, बक्कलला धरून टांगा. घामाने ओला झाला असेल तर आधी सावलीत वाळवा, उन्हात नाही. वाईन सांडलीच तर लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका.

आमच्याकडे गेल्या वेळची शिराझ सासूबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांमागे आडवी पडली आहे, कारण घरात अंधारी आणि गार अशी तेवढीच जागा आहे, आणि त्या रोज ती उचलून उभी करतात.