पायात धसकट घुसलं तर

तूर काढून झाली की रानात धसकटं उभी राहतात. विळ्यानं तिरपं कापलेलं टोक रबरी चपलेतून आरपार जातं. जखम वरून तुरीच्या दाण्याएवढी, रक्तही फारसं नाही, म्हणून माणूस माती झटकतो आणि कामाला लागतो. घोटाळा इथंच होतो. कोयत्याचा उघडा घाव रक्तानं थोडाफार धुऊन तरी निघतो. खोल टोचलेली जखम तोंड मिटून घेते आणि माती, साल, चपलेचा कपचा आतच राहतो.

ऊब आणि ओल मिळाली की बरेच जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. या हिशेबानं सहा तासांत एकाचे ४०९६. पांढऱ्या पेशी बहुतेकांचा फडशा पाडतात, पण आत कुसळ असेल तर त्याच्या आडोशाला बसलेल्यांपर्यंत त्या पोचत नाहीत. कातडीवरचा स्टॅफिलोकोकस रक्तातलं प्रथिन गोठवून स्वतःभोवती बांध घालतो, म्हणून गळू एका जागी ठणकतं. स्ट्रेप्टोकोकसची रीत उलटी. तो बांध फोडत जातो, पू कमी आणि लाली पसरती. पायाच्या जखमेनं जांघेत अवधान येतं, म्हणजे गाठ सुजून दुखते, ते तिथल्या गाठींनी जिवाणू अडवायला सुरुवात केल्यामुळं.

धनुर्वाताचं वेगळंच आहे. त्याचे बीजाणू मातीत आणि शेणात वर्षानुवर्षं टिकतात आणि प्राणवायू नसलेल्या जागी जागे होतात. मिटलेली खोल जखम म्हणजे तशीच जागा. जिवाणू जखमेतच राहतो, पण त्याचं विष नसांतून मज्जारज्जूपर्यंत चढतं आणि स्नायूंना सैल पडायला सांगणारा निरोपच बंद करतं.

आता करायचं काय? आधी स्वतःचे हात साबणानं धुवा. मग पिण्याच्या पाण्याची धार सोडत जखम आणि भोवतालची कातडी साबणानं पाच ते दहा मिनिटं धुवा. टँकरच्या दिवसांत हंडा जपून वापरावा लागतो हे खरं, पण दोन-तीन लिटर इथं खर्च होऊ द्या. दिसणारं कुसळ स्वच्छ चिमट्यानं, घुसलं त्याच रेषेत सरळ मागं ओढा. आत मोडलं असेल किंवा सांध्याजवळ असेल तर सुईनं उकरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. वरून पोविडोन आयोडीन आणि सैल पट्टी. पट्टी रोज बदला. हळद, चुना, तंबाखू, डिझेल काहीही भरू नका. शेणमाती तर नाहीच, तीत धनुर्वाताचं बियाणंच असतं.

लस आठवा. लहानपणापासूनचे डोस पूर्ण असतील आणि शेवटचा टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस) घेऊन पाच वर्षं झाली असतील, तर अशा मळक्या जखमेला पुन्हा एक लागतो. दर खरचटण्याला सुई टोचून घेणं मात्र उगाच. डोस अपुरे असतील किंवा आठवतच नसतील, तर टीडीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं.

लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि वेळ लिहा. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ बघा. लाली रेघेबाहेर गेली, पायावर लाल पट्टा चढला, अवधान आलं किंवा थंडी वाजून ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मेडिकलमधून दोन गोळ्या मागून आणणं हा उपाय नव्हे. गोळी कोणती आणि किती दिवस, हे जखम बघूनच ठरतं. साखरेच्या रुग्णानं दोन दिवसही थांबू नये, त्याच्या तळव्याला ठणका कळतोच असं नाही.

जबडा आखडणं, गिळताना अडकणं, मान ताठणं ही लक्षणं साधारण ३ ते २१ दिवसांत कधीही दिसू शकतात. मग थेट मोठं रुग्णालय. जखम तोवर भरलेली असू शकते, म्हणून धसकट कधी घुसलं होतं ते डॉक्टरांना आपणहून सांगा.