बडोद्यात स्वतंत्र कंत्राटदार म्हणून सुरुवात कशी करावी

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून मशीन मेन्टेनन्सची कामं स्वतः घ्यायला लागलो, तेव्हा वाटायचं की हातात कसब आहे, चार ओळखी आहेत, आणखी काय लागतं? पहिल्याच वर्षी माझे ३८ हजार रुपये पाच महिने अडकले. कामात खोट नव्हती, कागद नव्हता. दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मुलं आता फॅब्रिकेशन, वायरिंग, एसी दुरुस्तीची कामं अंगावर घेतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. आधी बघा, हे कंत्राट आहे की नोकरी?
रोज ठरल्या वेळी हजेरी, हत्यारं त्यांची, दुसरीकडे काम करायला बंदी, आणि पगाराऐवजी महिन्याला 'बिल द्या' असं सांगणं. ही नोकरीच आहे, फक्त पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) वगळलेली. सही करण्याआधी हे तोंडावर विचारा.

२. पॅन, खातं, उद्यम
पॅन आधारशी जोडलेलं हवं. पॅन दिलं नाही किंवा ते निष्क्रिय असलं, तर बिलातून एक टक्क्याऐवजी वीस टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला जाऊ शकतो. धंद्यासाठी बँक खातं वेगळं ठेवा. घरखर्चाच्या खात्यात सगळं मिसळलं की वर्षअखेरीस तुमचा सीए आणि तुम्ही दोघेही हैराण.

उद्यम नोंदणी म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी. ती सरकारी पोर्टलवर आधार क्रमांकावर होते आणि ती फुकट आहे. तिच्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. मात्र पहिलं काम घेण्याआधीच ती करा. का, ते पुढे येईल.

३. परवाने आणि कर
वायरिंगची कामं घेणार असाल तर राज्याचा विद्युत कंत्राटदार परवाना लागतो, नुसत्या अनुभवावर चालत नाही. व्यवसाय कराची नोंदणी महानगरपालिकेत होते. हा कर वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये असू शकतो. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

४. वर्क ऑर्डर
माझे पैसे इथेच अडकले होते. मूळ कामाची ऑर्डर होती. मध्येच सुपरवायझर म्हणाले, "आटलुं पण करी नाखो ने, बिलमां जोई लइशुं." (एवढंही करून टाका ना, बिलात बघून घेऊ.) मी केलं. बिल गेलं तेव्हा ते सुपरवायझर बदलून गेले होते आणि अकाउंट्सवाले म्हणाले, ऑर्डर दाखवा.

तेव्हापासून माझा नियम असा: ऑर्डरमध्ये काम नेमकं काय, माल कोणाचा, दर किती, ॲडव्हान्स किती, किती दिवसांत पैसे, किती रक्कम किती काळ राखून ठेवणार, आणि जादा कामाचा दर काय, हे सगळं लिहिलेलं हवं. जादा काम निघालं तर हात लावण्याआधी निदान व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवा आणि समोरून 'ओके' घ्या. त्यात कोणाला राग येत नाही. काम संपलं की त्याच दिवशी पूर्णतेच्या कागदावर सही घ्या, कारण मुदत काम स्वीकारल्यापासून मोजली जाते.

उद्यम इथे कामाला येतं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. पैसे थकले तर याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे, तक्रार करता येते. मी अजून एकदाही केलेली नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून उघराणीच्या फेऱ्या नक्की कमी झाल्या.

५. बिलानंतर
कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते दर तिमाहीला आयकर पोर्टलवर बघा. झाला नसेल तर लगेच कळवा, मार्चपर्यंत थांबू नका. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी, भरावा लागतो.

६. विमा
ईएसआय नाही, म्हणजे शिडीवरून पडलात तर खर्च तुमचाच. आरोग्य विमा घ्याच. शिवाय प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. धंद्याचं खातं उघडायला बँकेत जाल, त्याच दिवशी तोही फॉर्म भरून या.