गावच्या टाकीवरून मिस कॉल: पाणी सुटल्याचं घरोघरी कळवणारं यंत्र कसं बसवायचं

आमच्या गल्लीतल्या शांतामावशी खुरपणीला जातात. पाणी दिवसाआड येतं, पण लाईट कधी येईल यावर टाकी कधी भरेल ते ठरतं, त्यामुळे वेळ कुणालाच सांगता येत नाही. नळापाशी बसून राहिल्या तर दिवसाची हजेरी बुडते, कामाला गेल्या तर पाणी जातं. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं, माणशी रोज ५५ लिटरचा निकष ठरला आणि घरोघरी नळ आले. पण बायकांचं नळाची वाट बघणं काही संपलं नाही. माझं तालुक्याला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलंय. म्हणून टाकीतलं पाणी मोजणारं आणि पाणी सोडलं की घरोघरी मिस कॉल देणारं हे यंत्र केलं. तुमच्या गावात करायचं असेल तर कसं करायचं, ते लिहिते.

आधी ग्रामपंचायतीत अर्ज द्या आणि ठराव करून घ्या. टाकी पिण्याच्या पाण्याची आहे, परवानगीशिवाय तिचं झाकणसुद्धा उघडू नका. आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. आमच्याकडे आबा आहेत. कुठला व्हॉल्व्ह किती फेरे उघडला की मारुती आळीत धार येते, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. यंत्र आपल्यावर पाळत ठेवायला आलंय असं त्यांना वाटलं, तर ते आठवड्यात बंद पडेल.

सामान थोडंच लागतं. ईएसपी३२ बोर्ड (यंत्राचा मेंदू, यातच प्रोग्राम भरायचा), जेएसएन-एसआर०४टी हा पाण्याला टिकणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, सिम घालून कॉल-मेसेज करणारं एक जीएसएम मॉड्यूल, १८६५०च्या लिथियम बॅटऱ्या, चार्जिंगचं सर्किट, छोटं सोलर पॅनेल आणि घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा. मी सिम८००एल मॉड्यूल वापरलं. ते फक्त २जीवर चालतं, म्हणून सिम २जी सेवा असलेल्या कंपनीचंच हवं. नव्यानं घेणार असाल तर ४जी मॉड्यूल घ्या, मात्र त्यावरून साधा कॉल लागतो ना, हे दुकानात लावून बघा.

सेन्सर आवाजाची लहर खाली सोडतो, ती पाण्यावर आपटून परत येते, आणि लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. आमची टाकी ५०,००० लिटरची, गोल, आतून ५ मीटर व्यासाची. पाण्याची पूर्ण उंची २५५ सेंमी. म्हणजे १ सेंमी पाणी म्हणजे सुमारे १९६ लिटर. एका सेंटिमीटरची चूक झाली की तीन माणसांचं दिवसाचं पाणी हिशेबात इकडचं तिकडे होतं. म्हणून मोजमापात घाई करू नका.

हा सेन्सर साधारण २५ सेंमीच्या आतलं अंतर नीट मोजत नाही. ओव्हरफ्लोच्या पातळीपासून निदान ३० सेंमी वर तो यायला हवा. आमच्याकडे ३५ सेंमी जागा मिळाली. मग २९० मधून मोजलेलं अंतर वजा केलं की पाण्याची उंची मिळते. सेन्सर भिंतीपासून, आतल्या शिडीपासून आणि पाणी पडतं त्या पाइपापासून लांब धरा, नाहीतर लहर तिथूनच परत येते. पाणी हलत असतं, म्हणून मी मिनिटभरात ११ वेळा मोजते आणि आकडे चढत्या क्रमानं लावून मधला घेते. सरासरी घेऊ नका, एखादा भलताच आकडा सगळं बिघडवतो.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. हवा तापली की आवाज वेगानं जातो: २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशाला ३५५. मी थंडीत यंत्र बसवलं, तेव्हा सगळं बरोबर होतं. एप्रिलात एका दुपारी आबा म्हणाले, "पोरी, तुझं यंत्र पाणी जास्त सांगतंय. वर चढून काठी टाकून बघितलं मी." हिशेब केला तर २०० सेंमी अंतराला ७ सेंमीचा फरक पडत होता. टाकीत नसलेलं १,३०० लिटरहून जास्त पाणी यंत्र दाखवत होतं, आणि त्या भरवशावर शेवटच्या आळीला पाणी कमी पडलं होतं. डीएस१८बी२० हा तापमानाचा छोटा सेन्सर शेजारी लावा आणि वेग ३३१.४ अधिक तापमानाच्या ०.६ पट असा धरा. हे पहिल्याच दिवशी करा.

जोडणीत दोन गोष्टी सांभाळा. सेन्सरची इको तार (लहर परत आल्याचा सिग्नल देणारी) ५ व्होल्ट देते, ईएसपी३२ला ३.३च सोसतात, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. दुसरं, सिम८००एल टॉवर शोधताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. तारा बारीक असतील तर ते सारखं बंद-चालू होतं आणि आपण उगाच सिमला दोष देत बसतो. जाड, आखूड तारा आणि मॉड्यूलला चिकटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

मोठ्या स्क्रीनचा, ॲपचा मोह मी मुद्दाम टाळला. मावशींकडे बटणांचा फोन आहे आणि वाचता येत नाही. पण मिस कॉल त्यांना कळतो. आबा व्हॉल्व्ह उघडताना आपल्या फोनवरून टाकीच्या नंबरला फक्त आळीचा आकडा पाठवतात, समजा "२". यंत्र आबांचाच नंबर आहे ना ते तपासतं आणि त्या आळीतल्या प्रत्येक घराला दोन रिंगा देऊन कॉल तोडतं. प्रोग्राममध्ये मॉड्यूलला कॉल लावायची कमांड (ATD) देताना नंबराच्या शेवटी अर्धविराम (;) विसरू नका, त्याशिवाय तो साधा कॉल होत नाही. एका घराला वीसेक सेकंद लागतात, २६ घरांना नऊ मिनिटं. सुरुवात मी लाईनच्या टोकाच्या घरांपासून करते. तिथं धार आधीच बारीक असते, निदान खबर तरी पहिली पोचू दे.

आबांना उत्तराचा मेसेज जातो: "टाकीत २१००० लिटर". मराठी मेसेजला ७० अक्षरांचीच मर्यादा असते, आणि काना-मात्राही वेगळे मोजले जातात, म्हणून मजकूर तोडका ठेवा.

मोटार आपोआप चालू-बंद करायचं काम मात्र इतक्यात अंगावर घेऊ नका. विहिरीत पाणी नसताना मोटार कोरडी चालली तर जळते, आणि मग गावाला आठ-आठ दिवस पाणी नाही. वर्षभर नुसतं मोजा.

टाकीवर एकट्यानं चढू नका, पावसात किंवा वीज कडाडत असताना तर मुळीच नाही. पान्हा, पेचकस सगळं सुतळीनं मनगटाला बांधा, आत काही पडता कामा नये. पाण्यात टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरच्या वाफेनं आणि दमटपणानं सेन्सरच्या तोंडावर थर चढतो, कधी कोळी जाळं विणतो. टाकी धुण्याच्या दिवशी आबा तो ओल्या फडक्यानं पुसून घेतात.

सिमचं रिचार्ज संपलं की सगळं गप्प होतं. आमच्याकडे ते बचत गटानं घेतलंय, आणि पुढची तारीख शांतामावशींच्या सुनेनं गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवलीय.