टेकऑफ सुरू होताच कॉन्फिगरेशनचा हॉर्न वाजला तर काय करायचं

इंजिनाची ताकद वाढवणारे थ्रस्ट लिव्हर पुढे सरकवताच कॉन्फिगरेशनचा (फ्लॅप, ट्रिम वगैरेंच्या मांडणीचा) हॉर्न वाजला, की अर्थ एकच घ्यायचा: विमान उड्डाणासाठी तयार नाही. बोईंग ७३७ मध्ये हा हॉर्न थांबून थांबून वाजतो. कारणं ठरलेली आहेत. फ्लॅप किंवा स्लॅट (पंखांच्या मागच्या आणि पुढच्या कडेचे, उचल वाढवणारे भाग) टेकऑफच्या स्थितीत नाहीत, स्पीडब्रेकचा (पंखांवर उभ्या होणाऱ्या, वेग मारणाऱ्या पट्ट्यांचा) लिव्हर पूर्ण खाली नाही, पार्किंग ब्रेक लागलेला आहे, नाहीतर स्टॅबिलायझर ट्रिम (शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन) हिरव्या पट्ट्याच्या बाहेर आहे. एअरबस ए-३२० मध्ये नेमकं काय चुकलंय ते पडद्यावर लाल अक्षरांत दिसतं. ७३७ मध्ये ते शोधावं लागतं, आणि हा शोध विमान उभं राहिल्यावरच घ्यायचा.

पळत्या विमानात फ्लॅपच्या लिव्हरकडे हात नेण्याचा मोह सगळ्यात घातक. फ्लॅप बाहेर यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वेग वाढत राहतो. शिवाय जी चेकलिस्ट फ्लॅपपाशी फसली, तिच्यात आणखी काय सुटलंय हे त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं. ३१ ऑगस्ट १९९९ रोजी ब्युनोस आयर्सहून निघालेल्या लापा या अर्जेंटिनाच्या विमान कंपनीच्या ७३७ मध्ये फ्लॅप लावलेले नव्हते. हॉर्न वाजत असतानाही टेकऑफ सुरूच राहिला आणि ६५ माणसं गेली.

थांबण्याचा निर्णय कॅप्टनचा. विमान फर्स्ट ऑफिसर चालवत असला तरी व्ही-वनपर्यंत (ज्या वेगानंतर टेकऑफ थांबवायचा नसतो) थ्रस्ट लिव्हरवर कॅप्टनचा हात असतो, तो याचसाठी. हॉर्न ऐकू येताच कॅप्टनने मोठ्याने ‘रिजेक्ट’ (एअरबसमध्ये ‘स्टॉप’) म्हणायचं आणि एका दमात थ्रस्ट लिव्हर आयडलला (सर्वांत कमी ताकदीवर) ओढायचे, ऑटोथ्रॉटल (लिव्हर आपोआप हलवणारी यंत्रणा) तोडायचं, ब्रेक दाबायचे. लगेच स्पीडब्रेक वर, मग रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा उलटा जोर). ऑटोथ्रॉटल तोडायचं राहिलं तर ते लिव्हर पुन्हा पुढे नेऊ शकतं. फर्स्ट ऑफिसरने स्पीडब्रेक आणि रिव्हर्सर खरंच उघडलेत का ते पाहून बोलून दाखवायचं, ६० नॉटला (नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) हाक द्यायची आणि टॉवरला कळवायचं.

इथे एक खाच आहे, आणि कॉन्फिगरेशनच्या हॉर्नमध्ये ती हमखास लागू पडते, कारण हा हॉर्न बहुधा अगदी कमी वेगात वाजतो. ७३७ एनजीमध्ये (‘नेक्स्ट जनरेशन’ मालिकेत) ऑटोब्रेक आरटीओवर (टेकऑफ थांबवल्यास आपोआप ब्रेक लावण्याच्या सेटिंगवर) असला, तरी ९० नॉटच्या खाली लिव्हर मागे ओढल्यास तो ब्रेक लावत नाही. ए-३२० मध्ये ७२ नॉटच्या खाली ग्राउंड स्पॉयलर (जमिनीवर उघडणारे स्पीडब्रेक) आपोआप उघडत नाहीत, आणि त्यांच्या भरवशावर असलेला ऑटोब्रेकही गप्प राहतो. त्यामुळे ४० नॉटला थांबताना ‘ऑटोब्रेक बघून घेईल’ असं धरून चालू नका. पायांनीच ब्रेक दाबा.

कमी वेगाचा हा थांबा तसा सोपा असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ५० नॉटच्या तुलनेत १५० नॉटला ब्रेकना नऊपट ऊर्जा पचवावी लागते. म्हणूनच बोईंगमध्ये ८० आणि एअरबसमध्ये १०० नॉटनंतर थांबण्याची कारणं कमी होतात: आग, इंजिन बंद पडणं, विंडशिअरचा (वाऱ्याच्या अचानक बदलाचा) इशारा, किंवा विमान उडूच शकणार नाही अशी अवस्था. व्ही-वनपर्यंत थांबण्याची पहिली कृती सुरू झालेली असली पाहिजे. विचार त्याआधीच संपलेला हवा.

विमान थांबलं की केबिन क्रूला लगेच सांगा, नाहीतर मागे बसलेल्यांना ब्रेकचा झटका तेवढा कळतो, कारण कळत नाही. आग वगैरे नसेल तर धावपट्टी सोडा. जागच्या जागी फ्लॅप लावून ‘पुन्हा तयार आहोत’ असं टॉवरला कळवू नका. बाजूला उभं राहून चेकलिस्ट पहिल्या ओळीपासून करा आणि ट्रिम, वजन, वेग व फ्लॅप लोडशीटशी (वजन-भाराच्या तक्त्याशी) परत जुळवा. धावपट्टी ऐनवेळी बदलली असेल तर चूक बहुधा तिथेच शिरलेली असते. ब्रेकचं तापमानही पाहा. ते थांबल्यानंतर १०-१५ मिनिटांनी सर्वाधिक होतं, म्हणून लगेच दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका. ए-३२० मध्ये ३०० अंशांच्या वर, ब्रेकचे पंखे चालू असतील तर १५० अंशांच्या वर, टेकऑफ करायचा नाही. ब्रेक फारच तापले तर चाकातले फ्यूज प्लग वितळून टायरची हवा सोडतात. अशा वेळी माणसांना चाकांपासून दूर ठेवा. घटना टेक-लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत) लिहा आणि कंपनीला कळवा.

हॉर्न ही शेवटची भिंत, आणि तीही कधी पडलेली असते. १९८७ मध्ये डेट्रॉइटला आणि २००८ मध्ये माद्रिदला एमडी-८२ विमानं फ्लॅपविना धावली, तेव्हा इशारा वाजलाच नाही. डेट्रॉइटला १५६, माद्रिदला १५४ मृत्यू झाले. म्हणून ‘फ्लॅप?’ या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून देऊ नका. लिव्हर पाहा, दर्शकाचा काटा किंवा पडदा पाहा, मगच आकडा उच्चारा. टॅक्सीत (धावपट्टीकडे जाताना) बर्फाच्या चिखलामुळे फ्लॅप मुद्दाम मागे ठेवले असतील, तर ते लावेपर्यंत चेकलिस्ट अपुरी असल्याचं दोघांनी बोलून घ्या. कंट्रोलरच्या बोलण्याने चेकलिस्ट तुटली तर मधूनच पुढे नेऊ नका, पुन्हा सुरुवातीपासून वाचा. ए-३२० मध्ये टेकऑफ कॉन्फिगचं बटण दाबून चाचणी घ्या, आणि त्यानंतर फ्लॅप किंवा ट्रिम हलवला तर तेच बटण परत दाबा.