फ्रीबीएसडी 13 वरून 14 वर जाण्याआधी: अपग्रेडच्या रात्रीची तयारी

नवी मुंबईत महापे किंवा रबाळेच्या एखाद्या गाळ्यात बरीच वर्षं न कुरकुरता चालणारा, फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमच्या 13 व्या आवृत्तीचा सर्व्हर 14 वर न्यायचा असेल, तर यादीची सुरुवात दिवस ठरवण्यापासून करा. महावितरणची देखभालीसाठीची वीजबंदी त्या आठवड्यात कधी आहे ते आधी विचारून घ्या. रविवारी ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक असेल तर ठाण्याहून घणसोली-कोपरखैरणेला लोकलने पोहोचता येणार नाही, आणि मुसळधार पावसात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की रस्त्याचाही भरवसा नाही. घरून एसएसएचवर (नेटमधून दूरच्या मशीनवर लॉगिन करून) काम करणार असाल तरी हे बघाच, कारण मशीन बूट झालं नाही तर कुणाला तरी त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. मशीन डेटा सेंटरमध्ये असेल तर प्रवेशासाठी नाव, ओळखपत्र आणि लॅपटॉपची नोंद आदल्या दिवशीच करून ठेवा.

यूपीएसची चाचणी मशीनचा खरा भार लावून घ्या. मेनचा स्विच बंद करा आणि घड्याळ लावा. अर्धा तास टिकत नसेल तर बॅटरी बदलून मगच पुढची तारीख ठरवा. नवीन फाइल्स जुन्यांवर बसत असताना वीज गेली तर अर्धी लायब्ररी नवी आणि अर्धी जुनी अशी अवस्था होते, आणि तिथे लॉगिनचा शेलसुद्धा उघडेल याची खात्री नसते. आयपीएमआय (सिस्टिम बंद असतानाही मशीन दुरून हाताळण्याची सोय) असेल तर त्याचा पासवर्ड आजच टाकून बघा. नसेल तर मॉनिटर, यूएसबी कीबोर्ड आणि ज्या आवृत्तीवर जायचं आहे तिचा इन्स्टॉलर भरलेला पेन ड्राइव्ह जवळ हवा. त्यातला लाइव्ह शेल वाचवण्याच्या कामाला येतो.

मग सध्याची स्थिती लिहून घ्या. ‘फ्रीबीएसडी-व्हर्जन -केआरयू’ तीन आकडे देतं: डिस्कवरचा कर्नल (सिस्टिमचा गाभा), चालू असलेला कर्नल आणि युजरलँड (गाभ्याभोवतीचे प्रोग्राम आणि लायब्ररी). पहिले दोन वेगळे दिसले तर मागच्या पॅचनंतर कुणी रीबूट केलेलं नाही. तो रीबूट अपग्रेडच्या आधी, वेगळा करा. कर्नलचा पॅच लेव्हल युजरलँडपेक्षा मागे दिसला तर मात्र घाबरू नका, काही पॅच कर्नलला हातच लावत नाहीत. कर्नल जेनेरिक (तयार मिळणारा) आहे की घरी बांधलेला, हेही लिहा. ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ जेनेरिक कर्नल आणून देतं, घरचा बांधून देत नाही. कर्नलचे चालू मॉड्यूल (जोडभाग) ‘केएलडीस्टॅट’ने टिपा. हातांनी मागून घेतलेल्या पॅकेजेसची यादी ‘पीकेजी प्राइम-लिस्ट’ने काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. पोर्ट्समधून (सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधण्याच्या कृतींचा संग्रह) स्वतःचे पर्याय निवडून बांधलेली पॅकेजेस कोणती, ते वेगळं लिहा. या मंडळींची गाठ पुढे पडणारच आहे. झेडएफएस फाइल सिस्टिम असेल तर आदल्या दिवशी पूलवर (तिच्या डिस्कच्या संचावर) स्क्रब, म्हणजे साठवलेल्या डेटाची तपासणी, चालवा आणि ‘झेडपूल स्टेटस’मध्ये एकही चूक नाही हे बघून घ्या.

परतीची वाट हा या यादीचा गाभा आहे, आणि इथे घाई अजिबात करू नये.

झेडएफएसवर ‘बीईसीटीएल क्रिएट’ने बूट एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमची बूट करता येणारी प्रत) बनवायला काही सेकंद लागतात. अलीकडचं ‘फ्रीबीएसडी-अपडेट’ स्वतःही एक बनवतं, पण तुमच्या नावाचं, तारखेसह एक हवंच. ते बनवल्यावर एकदा त्यातून खरोखर बूट करून बघा. दूरच्या मशीनवर ‘बीईसीटीएल ॲक्टिव्हेट -टी’ वापरा. ही निवड फक्त पुढच्या एका बूटपुरती टिकते, त्यामुळे काही अडलं तर वीज बंद-चालू केल्यावर मशीन आपोआप जुन्या जागी येतं. समोर बसलेल्याला लोडरच्या (कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूतूनही जुनं एन्व्हायर्नमेंट निवडता येतं.

आता एक खाच, जी बऱ्याच जणांना उशिरा कळते. इन्स्टॉलरच्या नेहमीच्या मांडणीत ‘व्हार’ आणि ‘युएसआर’ ही डेटासेट (झेडएफएसमधले स्वतंत्र कप्पे) नुसती नावाला असतात, ती माउंट होत नाहीत. ‘व्हार/लॉग’, ‘व्हार/टीएमपी’, घरच्या डिरेक्टरी यांना स्वतंत्र डेटासेट मिळतात, पण ‘व्हार/डीबी’ बूट एन्व्हायर्नमेंटच्या आतच राहते. म्हणजे पोस्टग्रेस हा डेटाबेस तिथे असेल, आणि अपग्रेडनंतर दोन दिवसांनी तुम्ही जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये परतलात, तर त्या दोन दिवसांच्या नोंदीही मागे राहतात. उपाय असा: डेटाबेसच्या डिरेक्टरीला, फक्त तिलाच, स्वतंत्र डेटासेट द्या आणि डेटा त्यात हलवा. अख्ख्या ‘व्हार/डीबी’ला वेगळा डेटासेट देण्याची चूक करू नका. पॅकेजेसची नोंदवही त्याच डिरेक्टरीत असते. ती बाहेर गेली तर परतल्यावर ‘युएसआर/लोकल’मधल्या फाइल्स जुन्या आणि नोंदवही नवी, असा विसंवाद होतो. यूएफएस या जुन्या फाइल सिस्टिमवर असाल तर यातलं काहीच हाताशी नसतं. तिथे लेव्हल शून्याचा, म्हणजे पूर्ण, डंप दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्यातली एक फाइल परत काढून बघा.

अपग्रेडनंतर ‘झेडपूल स्टेटस’ सांगेल की पूलवर नवी फीचर्स चालू करता येतील. ‘झेडपूल अपग्रेड’ची कमांड त्या रात्री टाइप करू नका, पुढचे दोन-तीन आठवडेही नाही. एकदा फीचर चालू झालं की जुना कर्नल आणि जुना लोडर तो पूल ओळखतीलच असं नाही, आणि बूट एन्व्हायर्नमेंटची सगळी मेहनत वाया जाते. त्याआधी लोडर बदललेला असणं गरजेचं. यूईएफआय (बूटची नवी पद्धत) असलेल्या मशीनवर ‘बूट’ डिरेक्टरीतली ‘लोडर.ईएफआय’ ही फाइल ईएफआय पार्टिशनमध्ये हातांनी कॉपी करावी लागते. जुन्या बायोसच्या मशीनवर ‘जीपार्ट बूटकोड’ प्रत्येक डिस्कवर चालवायचं, मिरर असेल तर दोन्हींवर. फार जुन्या इन्स्टॉलरने ईएफआय पार्टिशन अवघं 800 केबीचं केलेलं असतं. ‘जीपार्ट शो’मध्ये तसं दिसलं तर जागेचा विचार आधी करा.

फक्त तयार पॅकेजेस वापरणाऱ्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद चाळला तरी चालेल. बिल्ड करणार असाल तर मेमरीचा हिशेब मांडा. एलएलव्हीएम, रस्ट किंवा क्रोमियमसारखं मोठं काम असेल तर प्रत्येक समांतर जॉबमागे 2 जीबी धरा. 8 जीबीच्या मशीनवर 8 कोर आहेत म्हणून ‘-जे 8’ दिलं की लिंकिंगच्या वेळी गळफास बसतो, तिथे ‘-जे 3’ ठेवा. स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) किमान 4 जीबी हवा. ‘युएसआर/ओबीजे’साठी 15 जीबी मोकळे ठेवा. ‘टीएमपी’ टीएमपीएफएसवर (मेमरीतल्या फाइल सिस्टिमवर) असेल तर त्याची मर्यादा बघा, आणि बिल्ड तिथेच होत असेल आणि त्यावर ‘नोएक्झेक’ (प्रोग्राम चालवायला मनाई) असेल तर तो बिल्डपुरता काढा. नाहीतर कॉन्फिगर स्क्रिप्ट ‘कंपायलरने बनवलेला प्रोग्राम चालवता येत नाही’ असं म्हणून थांबते आणि माणूस विनाकारण कंपायलरला दोष देत बसतो.

पोर्ट्सची झाडं (डिरेक्टरींचे संच) एकत्र मिसळू नका. पॅकेजेस मुळात तिमाही शाखेतून येतात, ही शाखा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नव्याने निघते. तुम्ही गिटमधून मुख्य शाखेचं झाड आणलंत आणि एकच पोर्ट त्यातून बांधलंत, तर त्याला हव्या असलेल्या लायब्ररीची आवृत्ती पॅकेजमधल्या आवृत्तीशी जुळत नाही. दोन्हीकडे एकच शाखा ठेवा. ‘पोर्टस्नॅप’ या पोर्ट्स आणण्याच्या जुन्या साधनाची सवय असलेल्यांनी लक्षात घ्यावं की ते 14 मधून काढलेलं आहे. पोर्ट्सचं काम 2021 पासून गिटवर चालतं. ‘मेक.कॉन्फ’ उघडून चार-पाच वर्षांपूर्वीच्या ओळी तपासा. तिथे पायथन किंवा पर्लची जुनी आवृत्ती खिळवून ठेवलेली असेल, तर नवं झाड अशा गोष्टीवर अडतं जिचा त्या पोर्टशी वरवर काही संबंध दिसत नाही.

घड्याळ बघा. मशीन बराच काळ बंद राहिलं असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपलेला असू शकतो. तारीख मागे गेली की पॅकेजच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून लागू नाही’ ठरतं आणि डाउनलोड थांबतं. तारीख पुढे-मागे उडाली की ‘मेक’ला कुठली फाइल नवी तेच कळत नाही. एनटीपीने (नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने) वेळ लावा आणि मगच झाड उतरवा.

‘युएसआर/पोर्ट्स’मधली ‘अपडेटिंग’ ही फाइल मागच्या अपग्रेडच्या तारखेपासून वर वाचा, चहा घेत घेत वाचा, पण वाचा. डेटाबेसची मुख्य आवृत्ती बदलत असेल तर नवा पोस्टग्रेस जुन्या डेटाच्या डिरेक्टरीवर सुरू होत नाही. जुना सर्व्हर चालू असतानाच ‘पीजी_डंपऑल’ घेतलेला हवा. जुनं पॅकेज निघून गेल्यावर डंप घ्यायला साधनच उरत नाही.

प्रत्यक्ष कामाला लागताना टीमक्स उघडा आणि त्यात ‘स्क्रिप्ट’ कमांडने सगळा आउटपुट फाइलमध्ये जाऊ द्या. नेट तुटलं तरी काम चालू राहील. आधी चालू आवृत्तीचे सगळे पॅच लावा, मग ‘फ्रीबीएसडी-अपडेट -आर’ पुढे नवी आवृत्ती देऊन ‘अपग्रेड’ चालवा. पहिल्या ‘इन्स्टॉल’ला कर्नल बसतो, मग रीबूट. दुसऱ्या ‘इन्स्टॉल’ला युजरलँड. हा क्रम उलटा करू नका: नवा कर्नल जुने प्रोग्राम चालवू शकतो, पण नवा प्रोग्राम असा सिस्टिम कॉल मागू शकतो जो जुन्या कर्नलने कधी ऐकलेलाच नाही. सोर्समधून बांधणाऱ्यांचा क्रमही याच कारणाने ‘बिल्डवर्ल्ड’, ‘बिल्डकर्नल’, ‘इन्स्टॉलकर्नल’, रीबूट, ‘इटीसीअपडेट -पी’, ‘इन्स्टॉलवर्ल्ड’, ‘इटीसीअपडेट -बी’ असा आहे.

मर्ज (जुन्या आणि नव्या फाइल्स एकत्र करणं) विचारलं की प्रत्येक वेळी एंटर दाबत जाऊ नका. ‘इटीसी’मधल्या फाइल्समध्ये तुमचा बदल आणि नवा बदल एकाच ओळीवर आला की सात ‘लेस दॅन’ चिन्हांची ओळ घुसते. ती ‘मास्टर.पासडब्ल्यूडी’त राहिली तर लॉगिन बंद, ‘आरसी.कॉन्फ’मध्ये राहिली तर नेटवर्क बंद. रीबूटच्या आधी त्या चिन्हांसाठी अख्ख्या ‘इटीसी’त ग्रेप चालवा. पासवर्डची फाइल बदलली असेल तर ‘पीडब्ल्यूडी_एमकेडीबी’ चालवा. ‘एसएसएचडी -टी’ने कॉन्फिग तपासा. ओपनएसएसएच 9.8 पासून प्रत्येक जोडणीसाठी वेगळा प्रोग्राम चालतो, त्यामुळे फाइल्स बदलल्या आणि जुना डिमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) तसाच राहिला तर नवी जोडणी घेता येत नाही. डिमन रीस्टार्ट करा, हातातलं सत्र बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा, आणि ते जमल्यावरच पहिलं सोडा.

काही अडलं की शेवटची ओळ वाचून निष्कर्ष काढू नका. समांतर बिल्डमध्ये मूळ चूक शेकडो ओळी वर गेलेली असते. लॉगमध्ये पहिला ‘एरर’ आणि कोलन शोधा. नाही सापडला तर तेच पोर्ट ‘मेक_जॉब्स_अनसेफ=येस’ देऊन एका जॉबवर बांधा. कंपायलर ‘किल्ड’ म्हणून मेला असेल तर ‘डीमेसेज’ बघा, तिथे स्वॅप संपल्याचं किंवा मेमरी परत मिळवता न आल्याचं लिहिलेलं असतं. म्हणजे जॉब कमी करा. सिग्नल 11 (मेमरीच्या चुकीच्या जागी हात घातल्याने प्रोग्राम कोसळणं) दर वेळी त्याच फाइलवर येत असेल तर दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधा. दर वेळी वेगळ्या फाइलवर येत असेल तर रॅम, पंखा किंवा पॉवर सप्लाय, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत तर पहिला संशय उष्णतेवर. चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) जुळत नसेल तर तपासणी बंद करण्याचा पर्याय वापरू नका. उतरवलेली फाइल किती मोठी आहे ते बघा. काही केबींचीच असेल तर मधल्या प्रॉक्सीने टारबॉलऐवजी (सोर्सच्या गाठोड्याऐवजी) लॉगिनचं पान पाठवलेलं असतं. ती पुसा आणि दुसऱ्या जोडणीवरून आणा.

युजरलँडनंतर पॅकेजेस. 13 मध्ये बेसचा ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) 1.1.1 होता, 14 मध्ये 3.0 आहे. त्यामुळे जुन्या लायब्ररी निघून गेल्यावर ‘पीकेजी’ स्वतःच ‘लिबक्रिप्टो.एसओ.111 सापडत नाही’ म्हणून कोसळू शकतं. ‘पीकेजी-स्टॅटिक’ कुठल्याच लायब्ररीवर अवलंबून नसतं. त्याच्या ‘बूटस्ट्रॅप -एफ’ने पीकेजी नवं करा आणि मग ‘अपग्रेड -एफ’ने सगळी पॅकेजेस पुन्हा बसवा. ‘वाय’ दाबण्याआधी काढून टाकल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी वाचा. तिथे वेब सर्व्हर किंवा डेटाबेसचं नाव दिसलं तर ‘एन’ दाबा. ग्राफिक्सच्या मॉड्यूलची पॅकेजेस त्या मालिकेतल्या सर्वांत जुन्या, अजून आधार असलेल्या आवृत्तीवर बांधली जायची, म्हणून ती नव्या कर्नलवर अडायची. 14.2 पासून त्यांच्यासाठी वेगळा साठा आहे, तो चालू आहे का ते बघा. मॉड्यूल ‘लोडर.कॉन्फ’मधून चढत असेल तर पहिल्या बूटपुरती ती ओळ बंद ठेवा.

सगळी पॅकेजेस बसल्यावर ‘पीकेजी चेक -डी -ए’ चालवा. काहीच सुटलेलं दिसलं नाही, घरी बांधलेली पोर्ट्सही नव्याने बांधून झाली, तरच तिसऱ्यांदा ‘फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल’ चालवा. जुन्या लायब्ररी त्याच वेळी पुसल्या जातात. सोर्सवाल्यांसाठी हेच काम ‘डिलीट-ओल्ड-लिब्ज’ करतं. त्यानंतर आणखी एक रीबूट करा, सेवा एकेक करून बाहेरून तपासा, आणि जुनं बूट एन्व्हायर्नमेंट महिनाभर तसंच राहू द्या.