लॅपटॉप मोठा घ्यावा की छोटा? या चुका टाळा

दुकानात शेजारी शेजारी ठेवले की मोठ्या स्क्रीनचाच लॅपटॉप डोळ्यांत भरतो. त्यात १५.६ इंची बऱ्याचदा १४ इंचीपेक्षा स्वस्तही मिळतो, मग निर्णय तिथेच होऊन जातो. पण लॅपटॉप वापरायचा असतो तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानाच्या काउंटरवर नाही. डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडताना बॅग पाठीवरून काढून छातीशी धरावी लागते, दादरला उतरून पूल चढावा लागतो. तिथे अर्धा किलो जास्तीचं वजन चांगलंच जाणवतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसते इंच बघणं. स्क्रीन मोजतात ती तिरपी, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. १५.६ इंची स्क्रीन १६:९ (रुंदीला उंची) प्रमाणातली असेल तर ती साधारण ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ सेंमी उंच भरते. १४ इंची १६:१० ची असेल तर ३०.२ सेंमी रुंद आणि १८.८ सेंमी उंच. म्हणजे उंचीत फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा! मेल, वर्ड, पीडीएफ वाचणाऱ्याला उंचीच कामाला येते, त्यामुळे त्याचं छोट्यावर फारसं अडत नाही. एक्सेलमध्ये वीस-पंचवीस कॉलम उघडून बसणाऱ्याला मात्र रुंदी हवीच.

दुसरी चूक, वजन चार्जरशिवाय धरणं. गेमिंग लॅपटॉपचा चार्जरच अर्धा किलोच्या आसपास जातो. ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर मुठीत मावतो. जड लॅपटॉप आधीच घेतला असेल, तर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुसरा चार्जर ठेवून द्या. पण तो त्याच व्होल्टेजचा आणि पुरेशा वॅटचा असावा.

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर दिवसभर आकडे टाकणारे नंबर पॅडसाठी, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या वेगळ्या बटणांसाठी, मोठा घेतात. तेवढ्यासाठी घेऊ नका, यूएसबीचा सुटा नंबर पॅड स्वस्तात मिळतो.

छोटा घेतला आणि अक्षरं बारीक दिसतायत? विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले असं जाऊन स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. मान दुखत असेल तर लॅपटॉप स्टँडवर चढवा आणि कीबोर्ड-माउस वेगळे जोडा. हे मोठ्या लॅपटॉपलाही लागू आहे, कारण स्क्रीन मोठी झाली तरी मान खालीच जाते. आणि गादीवर ठेवून वापरू नका. खालच्या जाळ्या बंद होतात, पंखा घुंऽ करत राहतो आणि मशीन तापून मंद चालतं. जागेअभावी पलंगावरच बसावं लागत असेल तर निदान खाली लाकडी पाट घ्या.

माझं मत स्पष्ट आहे. रोज लोकलने ने-आण असेल तर १४ इंची घ्या आणि घरी २४ इंची मॉनिटर लावा. छोट्याला मोठी स्क्रीन जोडता येते, मोठ्याचं वजन काही उतरवता येत नाही. लॅपटॉप घराबाहेर पडणारच नसेल, मुलांचा अभ्यास आणि बिलं भरणं एवढंच काम असेल, तर बेधडक १५.६ किंवा १६ इंची घ्या.

छोटा घेताना दोन गोष्टी पैसे देण्याआधी विचारा. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, पुढे वाढवता येते का? पातळ मॉडेलमध्ये ती अनेकदा बोर्डावरच पक्की बसवलेली असते. तसं असेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. आणि मॉनिटरची वायर लावायचा एचडीएमआय पोर्ट आहे का? नसेल तर टाइप-सीमधून मॉनिटर चालतो का ते दुकानातच जोडून बघा, कारण प्रत्येक टाइप-सी पोर्ट चित्र बाहेर देतोच असं नाही.