पोकरचे पुस्तक कसे अभ्यासावे

अव्वल पोकर खेळाडू खरोखर पुस्तकांतून शिकतात का, याचे उत्तर खेळाडूंच्या पिढीनुसार बदलते. डॉयल ब्रन्सन यांनी १९७६ आणि १९७७ मध्ये वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांचे शिक्षण प्रत्यक्ष टेबलावरच झालेले होते. निरनिराळ्या जाणकारांकडून प्रकरणे लिहून घेऊन त्यांनी ‘सुपर/सिस्टम’ हे पुस्तक तयार केले ते त्यानंतर. पुढच्या पिढीने अशी पुस्तके अभ्यासली. आजचे अव्वल खेळाडू सॉल्व्हर या, डावातील सर्वोत्तम चाल हिशेबाने काढणाऱ्या संगणक-प्रणालींवर अधिक वेळ देतात. जानेवारी २०१७ मध्ये लिब्रेटस या पोकर खेळणाऱ्या संगणक-प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवले, त्यानंतर यंत्राच्या हिशेबाकडे दुर्लक्ष करणे कोणालाच परवडणारे राहिले नाही.

तरीही नवशिक्याने सुरुवात पुस्तकापासूनच करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण सॉल्व्हर उत्तर देतो, पण त्यामागचे कारण समजावून सांगत नाही. मात्र पुस्तक कादंबरीसारखे सलग वाचू नये. उदाहरणातील डाव आला की लेखकाचे उत्तर झाकावे, आपला निर्णय आणि त्याचे कारण वहीत लिहावे आणि मगच पुढे वाचावे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भे किंवा नेरुळला जाणाऱ्याला एका प्रवासात असा एक डाव नीट सोडवता येतो, आणि तेवढे पुरेसे आहे.

एक डाव पाहू. पॉटमध्ये, म्हणजे डावात जमलेल्या ढिगात, ६०० चिप्स आहेत, प्रतिस्पर्ध्याने आणखी ३०० ची बेट (पैज) लावली आहे आणि तुमच्याकडे, टेबलावरचे पत्ते धरून, इस्पिकचे चार पत्ते आहेत; पाचवा आला की फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) होऊन तुम्ही जिंकाल, असे धरू. फक्त रिव्हरचा, म्हणजे टेबलावरचा पाचवा आणि शेवटचा पत्ता उघडायचा उरला आहे. कॉल केल्यास, म्हणजे तेवढ्याच चिप्स टाकून डावात राहिल्यास, पॉट १,२०० चा होईल आणि त्यात तुमचे ३०० असतील, म्हणजे कॉल परवडण्यासाठी जिंकण्याची शक्यता किमान २५ टक्के हवी. तुमचे दोन आणि टेबलावरचे चार सोडून न पाहिलेल्या ४६ पत्त्यांत इस्पिकचे ९ आहेत, म्हणजे शक्यता साधारण १९.६ टक्केच आहे. केवळ या हिशेबाने फोल्ड करणे, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडणे, योग्य ठरते. परंतु इस्पिक आल्यावर प्रतिस्पर्धी सरासरी आणखी ३३३ च्या वर चिप्स देणार असेल, तर तोच कॉल फायद्याचा होतो. पुस्तक आपल्याला ३३३ या आकड्यापर्यंत पोहोचवते. समोरचा माणूस तेवढे देईल का, हे त्याचे आधीचे डाव लक्षात ठेवूनच ठरवावे लागते. माझ्या निरीक्षणात चांगला आणि सामान्य वाचक वेगळे होतात ते याच ठिकाणी.

म्हणून सरावाच्या डावांची नोंद ठेवावी: कोणाची जागा कुठे होती, किती बेट लागली, आपल्याला काय वाटले होते आणि शेवटी कोणते पत्ते उघडले. हरलेल्या डावांइतकेच जिंकलेले डावही तपासावेत, कारण चुकीचा कॉल नशिबाने यशस्वी झाला की तो पुन्हा करावासा वाटतो.

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आली आहे. सराव घरी, मित्रांसोबत आणि फक्त चिप्सवर करावा. पैसे नसले की लोक वाटेल तिथे कॉल करतात आणि ब्लफचा (कमकुवत पत्त्यांवर बेट लावून समोरच्याला डाव सोडायला लावण्याचा) अभ्यासच होत नाही, त्यामुळे प्रत्येक बैठकीत चिप्स नव्याने न वाटता महिनाभराचा हिशेब पुढे चालवावा.